दोन नादुरुस्त रिव्हॉल्वर : दिल्ली, २० जानेवारी १९४८

२० जानेवारी १९४८ च्या सकाळी दिल्लीतील हिंदू महासभा भवनामागच्या झाडीत पुण्याहून आलेली चार माणसे दोन रिव्हॉल्वर तपासून पाहत होती. एकाचा चेंबर बाहेर येईना. दुसऱ्याचा बार झाला, पण गोळी समोरच्या झाडापर्यंतसुद्धा पोचली नाही. त्याच दिवशी संध्याकाळी, बिर्ला भवनातील प्रार्थनासभेत, याच शस्त्रांनी गांधीजींची हत्या करण्याचा बेत ठरलेला होता.

गांधीहत्येची हकिगत सांगताना २० जानेवारीच्या स्फोटाला बहुधा एखादे वाक्य मिळते आणि कथा थेट ३० जानेवारीवर येते. हा थ्रेड त्या झाडीतल्या सकाळीविषयी आहे. ही शस्त्रे आली कोठून, ती ऐन वेळी का फसली आणि त्या फसण्याने नेमके काय बदलले, एवढाच त्याचा विषय.

प्रथम थोडे शस्त्राविषयी. सिंदेवाही-ब्रह्मपुरीपासून गडचिरोलीपर्यंतच्या जंगलपट्ट्यात भरमार बंदूक पिढ्यान्‌पिढ्या वापरात होती. गावकऱ्यांनी अशा बंदुका पोलिसांकडे जमा केल्याच्या बातम्या गडचिरोलीतून अगदी अलीकडेही आल्या आहेत. भरमारीत दारू आणि छर्रे नळीच्या तोंडातून भरावे लागतात. बार फुसका गेला तर दोष शोधणे त्यामुळे सोपे असते: दारू ओलावली असेल, वाट बुजली असेल किंवा टोपी पेटली नसेल. सगळे डोळ्यांसमोर असते. रिव्हॉल्वरचे तसे नाही. काडतुसाच्या बंद पितळी नळकांड्यात टोपी, दारू आणि गोळी एकत्र असतात. आतली दारू जुनी झाली आहे की टोपी मेली आहे, हे बाहेरून ओळखता येत नाही. त्यात फिरत्या चेंबरची यंत्रणा. तेल वाळून चिकटले, कचरा बसला, स्प्रिंग ढिली पडली किंवा एखादा भाग झिजला, तरी घोडा हवा तसा पडत नाही किंवा चेंबर अडून बसतो. असे हत्यार चालते की नाही हे कळण्याचा खात्रीचा मार्ग एकच, ते झाडून पाहणे. आणि चोरून मिळवलेले हत्यार भरवस्तीत झाडून पाहता येत नाही. खरेदीदाराला परीक्षा घेता येत नाही, तक्रार करता येत नाही, विकणाऱ्याचे नाव घेता येत नाही. २० जानेवारीची सकाळ समजून घ्यायची तर ही अडचण ध्यानात ठेवावी लागते.

दोन रिव्हॉल्वरांपैकी एक दिगंबर बडगे याच्यामार्फत आलेले. बडगे पुण्यात ‘शस्त्र भांडार’ नावाचे दुकान चालवी. खंजीर, चिलखते असा माल उघडपणे विके आणि आडून बंदुका, काडतुसे, स्फोटके यांचाही व्यवहार करी. महायुद्ध नुकतेच संपले होते, लष्करी साहित्य वाटेल त्या वाटेने बाजारात झिरपत होते, आणि हैदराबाद संस्थानाच्या सीमेवर तणाव असल्याने अशा मालाला गिऱ्हाईकही होते. खटल्यातील पुराव्यानुसार नथुराम गोडसे याने दिल्लीला निघण्यापूर्वी एक लहान पिस्तूल बडगेकडे दिले आणि त्याच्या बदल्यात मोठे रिव्हॉल्वर मिळवण्यास सांगितले. बडगेने पूर्वी स्वतःच विकलेले ०.३२ बोअरचे एक रिव्हॉल्वर त्या गिऱ्हाइकाकडून अदलाबदलीने परत घेतले. म्हणजे नवे म्हणून हाती आलेले हे हत्यार दोनतीन हातांतून फिरून आलेले होते.

दुसरे गोपाळ गोडसे याचे. नथुरामचा हा धाकटा भाऊ युद्धकाळात लष्करी सेवेत परदेशी राहून आला होता आणि १९४८ साली खडकीच्या मोटार सुट्या भागांच्या लष्करी डेपोत नोकरीला होता. त्याने आणलेले रिव्हॉल्वर सर्व्हिस बनावटीचे होते. लष्करी हत्यार म्हटले की ते भरवशाचे असणार, अशी कोणाचीही समजूत होईल. पण सैन्यातले हत्यार भरवशाचे राहते ते नियमित साफसफाईमुळे आणि कारागिराच्या तपासणीमुळे. केवळ घडणीमुळे नव्हे.

नथुराम गोडसे आणि नारायण आपटे १७ जानेवारीला खोट्या नावांनी विमानाने दिल्लीत आले व कॅनॉट सर्कसमधील मरीना हॉटेलच्या ४० क्रमांकाच्या खोलीत उतरले. बडगे आणि त्याचा नोकर शंकर किस्तय्या १९ च्या रात्री पोचले. नगरचा विष्णू करकरे आणि पश्चिम पंजाबातून आलेला निर्वासित तरुण मदनलाल पाहवा आधीच तेथे होते. गांधीजींनी १३ जानेवारीला सुरू केलेले उपोषण १८ ला सोडले होते आणि प्रार्थनासभा पुन्हा नेहमीप्रमाणे भरणार होती.

२० च्या सकाळी आपटेने बडगे व शंकर यांना बिर्ला भवनात नेऊन जागा दाखवली. प्रार्थनेच्या वेळी गांधीजी जेथे बसत, त्याच्या मागे नोकरांच्या खोल्या होत्या, आणि एका खोलीची जाळीदार खिडकी थेट त्या जागेवर उघडत होती. आपटेने जाळीच्या भोकांचे माप दोरीने घेतले. तेथून मंडळी महासभा भवनावर परतली आणि शस्त्रांची पहिली परीक्षा तेव्हा झाली. हत्येच्या दिवशी, हत्येच्या ठरलेल्या वेळेआधी काही तास! कटाची सारी आखणी ज्या दोन वस्तूंवर उभी होती, त्या चालतात की नाही हे कोणीच पाहिले नव्हते.

गोपाळचे रिव्हॉल्वर अडले. बडगेने आणलेले शंकरने आपटेच्या सांगण्यावरून एका झाडावर झाडले आणि गोळी वाटेतच पडली. गोळी कमी पल्ल्यात पडते तेव्हा बहुधा दारूचा जोर गेलेला असतो, किंवा झिजलेल्या जोडातून वायू निसटून जातो. यांपैकी येथे काय घडले ते खटल्यात निश्चित झाले नाही, आणि कटवाल्यांनाही ते शोधण्याइतकी उसंत नव्हती. आपटेने ते हत्यार निकामी ठरवले. गोपाळ आपले रिव्हॉल्वर दुरुस्त करायला बसला. शंकरला तेलाची बाटली आणि चाकू आणायला भवनात पिटाळले. एवढ्यात तीन वनरक्षक तेथे आले. हत्यारे घाईने झाकण्यात आली, गोपाळने त्यांच्याशी काहीबाही बोलून वेळ मारून नेली आणि ते निघून गेले.

उरलेली दुरुस्ती मरीना हॉटेलच्या खोलीत झाली. नथुराम डोकेदुखीने बिछान्यावर पडून होता. गोपाळ रिव्हॉल्वर खोलून बसला होता. बाकीचे न्हाणीघरात स्फोटकांची जुळवाजुळव करत होते. लाकडाच्या ढलप्यांवर पाते घासण्यापुरता असतो तसा चाकू आणि थोडे तेल, एवढ्यावर लष्करी रिव्हॉल्वर दुरुस्त होत होते. या कटाकडे पुढे काहींनी मोठ्या नियोजनाचे उदाहरण म्हणून पाहिले. ही खोली तसे काही दाखवत नाही.

संध्याकाळी मंडळी हिरव्या शेव्हर्ले टॅक्सीने बिर्ला भवनात गेली. मदनलालने मागच्या भिंतीजवळ स्फोट घडवावा, त्या गोंधळात बडगेने जाळीतून गोळी झाडून हातबॉम्ब टाकावा, असा बेत होता. ऐन वेळी बडगे कचरला. त्या खोलीच्या दाराशी बसलेला एका डोळ्याचा माणूस पाहून, आत शिरलो तर बाहेर पडता येणार नाही, असे त्याला वाटले. आपण समोरून झाडतो असे त्याने सांगितले, आणि दोन्ही रिव्हॉल्वर टॉवेलात गुंडाळून टॅक्सीच्या मागच्या आसनावर ठेवून दिली. स्फोट झाला. पुढे कोणी काहीच केले नाही. मदनलाल तेथेच पकडला गेला, त्याच्याजवळ हातबॉम्ब सापडला. बाकीचे टॅक्सीने पसार झाले. गांधीजी जागचे हलले नाहीत, लोकांना शांत बसायला सांगून त्यांनी सभा पुढे चालू ठेवली. दुसऱ्या दिवशी प्रार्थनेनंतर बोलताना त्या तरुणाविषयी कोणी द्वेष बाळगू नये, असे त्यांनी सांगितले.

तेव्हा रिव्हॉल्वर बिघडले म्हणून गांधीजी त्या दिवशी वाचले, असे सरळ विधान करता येत नाही. हत्यारे बिघडली नसती तरी बडगे कचरलाच असता, असेही कोणी म्हणू शकेल. मात्र ज्या हत्याराची गोळी सकाळी झाडापर्यंत गेली नाही, ते संध्याकाळी हाती घेऊन बंद खोलीत शिरण्याची तयारी किती जणांची असेल, हा प्रश्न उरतो. बडगे शस्त्रांचा व्यापारी होता. मालाची किंमत त्या टोळीत त्याच्याइतकी कोणाला ठाऊक नव्हती.

येथे साधनांविषयी सांगणे जरूर आहे. झाडीतला आणि हॉटेलातला हा प्रसंग मुख्यतः बडगेच्या साक्षीतून कळतो, आणि बडगे हा माफीचा साक्षीदार होता. स्वतःची मान सोडवून घेणाऱ्याच्या शब्दावर किती विसंबावे, हा प्रश्न लाल किल्ल्यातील विशेष न्यायाधीश आत्माचरण यांच्यासमोरही होता. म्हणून त्यांनी इतर पुराव्यांचा आधार शोधला. झाडीत मंडळींना पाहिलेल्या वनरक्षकांपैकी एकाची साक्ष या बाबतीत महत्त्वाची ठरली. गोपाळ गोडसेने खटल्यात आपण दिल्लीत नव्हतोच असा बचाव घेतला होता. १९६४ मध्ये सुटका झाल्यावर मात्र त्याने लिहिलेल्या पुस्तकातून आपला सहभाग कबूल केला. इतिहासाच्या विद्यार्थ्याला यातून एक सोय होते: आरोपीचा नकार आणि साथीदाराची कबुली यांतले अंतर पुढे आरोपीनेच बुजवले.

हत्याराविषयीचा धडा आपटे-गोडसे यांनी मात्र घेतला. कानपूरमार्गे मुंबईत परतल्यावर त्यांची धडपड चालली ती एका चांगल्या पिस्तुलासाठी. मुंबईत ओळखीच्यांकडे मागणी करून पाहिली, ती निष्फळ ठरली. २७ जानेवारीला ते पुन्हा खोट्या नावांनी विमानाने दिल्लीला आणि तेथून रेल्वेने ग्वाल्हेरला गेले. तेथे २८ तारखेला ९ मिलिमीटरचे इटालियन बनावटीचे बेरेटा स्वयंचलित पिस्तूल त्यांच्या हाती पडले. या संदर्भात शिक्षा झालेले ग्वाल्हेरचे डॉ. परचुरे पुढे उच्च न्यायालयात निर्दोष सुटले, हेही नोंदवले पाहिजे. गमतीचा भाग असा की बार फुसका गेला तर रिव्हॉल्वर अधिक सोयीचे. चाप पुन्हा ओढला की पुढचे काडतूस समोर येते. स्वयंचलित पिस्तुलात अडलेले काडतूस हाताने काढावे लागते. पण ज्यांची दोन रिव्हॉल्वर एकाच सकाळी फसली होती, त्यांनी हा हिशेब केला नाही.

या दहा दिवसांत पोलिसांच्या हाती काय होते? जिवंत पकडलेला मदनलाल होता. त्याच्या जबाबात करकरेचे नाव होते आणि पुण्यातील एका वृत्तपत्राच्या चालकाचा उल्लेख होता. नथुराम त्या पत्राचा संपादक आणि आपटे चालक. मुंबई सरकारच्या दप्तरी वृत्तपत्रांची नोंद असे; नावे काढायला एक फाईल पुरेशी होती. मरीना हॉटेलच्या खोलीत धोब्याची ‘एन. व्ही. जी.’ खूण असलेले कपडे मिळाले होते. मुंबईत रुईया महाविद्यालयाचे प्राध्यापक जगदीशचंद्र जैन यांनी, मदनलालने आपल्याला काय सांगितले होते ते, मुख्यमंत्री खेर आणि गृहमंत्री मोरारजी देसाई यांच्या कानावर घातले होते. पुण्याचे गुप्तचर उपमहानिरीक्षक राणा त्या सुमारास दिल्लीतच होते. मदनलालचा जबाब घेऊन ते निघाले, पण विमानाने नव्हे, अलाहाबादमार्गे रेल्वेने. मुंबईत पोचले २७ जानेवारीला. आपटे-गोडसे त्याच दिवशी मुंबईहून दिल्लीला गेले.

१० फेब्रुवारी १९४९ रोजी निकाल देताना न्या. आत्माचरण यांनी २० ते ३० जानेवारी या काळातील तपासाच्या ढिलाईवर स्वतंत्रपणे बोट ठेवले. त्या वेळी थोडी जरी तत्परता दाखवली असती, तर ही घटना बहुधा टाळता आली असती, असे त्यांचे म्हणणे होते. पुढे न्या. जीवनलाल कपूर यांच्या आयोगाने १९६९ च्या अहवालात याच दहा दिवसांचा तारखेनुसार, कोण कोठे होता आणि कोणाला काय ठाऊक होते या क्रमाने, प्रदीर्घ धांडोळा घेतला. त्या पानांत नादुरुस्त रिव्हॉल्वरांना थोडीच जागा आहे. बहुतेक जागा न लावलेल्या फायली, न धाडलेली माणसे आणि न विचारलेले प्रश्न यांनी व्यापली आहे.