यंत्राची कैफियत

मोटारसायकलच्या आसनाखाली रबरी टोपण घातलेले जे लहानसे सहा पिनांचे सॉकेट आज बऱ्याच गाड्यांत आढळते, आणि ज्यात स्कॅनरची वायर जोडताच एंजिनाच्या साऱ्या तक्रारी पडद्यावर उमटतात, ते मेकॅनिकच्या सोयीसाठी जन्मले असा सर्वसाधारण समज आहे. परंतु त्याचे मूळ कोणत्याही गॅरेजात नसून लॉस एंजेलिसच्या काजळलेल्या हवेत आहे.

अननसाच्या स्वादाचे रासायनिक पृथक्करण करण्यात गढलेले पासाडेना येथील डच वंशाचे शास्त्रज्ञ आरी हागेन-स्मिट यांनी १९५०च्या सुमारास त्या डोळे चुरचुरविणाऱ्या हवेकडे लक्ष वळविले, आणि गाड्यांतून बाहेर पडणारी न जळलेली इंधनवाफ व नायट्रोजनची ऑक्साइडे यांच्यावर ऊन पडले की ओझोन तयार होतो, हे सिद्ध केले. पुढे १९६८ साली कॅलिफोर्नियाच्या वायुसंसाधन मंडळाचे तेच पहिले अध्यक्ष झाले. कायदे जसजसे कडक होत गेले, तसतसे पितळी जेटच्या भरवशावर पेट्रोल मोजणाऱ्या कार्बोरेटरचे सामर्थ्य तोकडे पडू लागले. कारण पेट्रोलच्या एका भागास वजनाने १४.७ भाग हवा हे प्रमाण क्षणोक्षणी सांभाळणे त्याच्या आटोक्यातले नव्हते. १९७६ साली व्होल्वोच्या मोटारींत बॉशचा ऑक्सिजन सेन्सर आला, आणि त्याच्या साक्षीवरून इंधन कमीजास्त करणारा संगणक एंजिनाचा मुखत्यार बनला.

परंतु हा मुखत्यार बिघडला तर सरकारला कळावे कसे? या शंकेतून कॅलिफोर्नियाचे फर्मान निघाले, की १९८८च्या मॉडेलपासून गाडीने आपला दोष स्वतः ओळखून दिवा लावावा. आणि १९९६पासून अमेरिकेतील सर्व नव्या मोटारींना सोळा पिनांचे एकच सॉकेट व दोषांकांची एकच परिभाषा बंधनकारक झाली.

मोटारसायकली मात्र दीर्घकाळ या शिस्तीबाहेर राहिल्या. कावासाकीच्या झेड१०००-एच१मध्ये १९८० साली आणि बीएमडब्ल्यूच्या के१००मध्ये १९८३ साली कार्बोरेटरऐवजी संगणकाच्या ताब्यातले इंधन-इंजेक्शन आले खरे. पण दोष सांगण्याची ज्याची त्याची वहिवाट निराळी होती. होंडाच्या अनेक गाड्या मीटरवरील दिव्यानेच बोलत: लांब उघडझाप म्हणजे दहा, आखूड म्हणजे एक. सात आखूड झाल्या तर तापमानाच्या सेन्सरची तक्रार, आणि एक लांब व दोन आखूड, म्हणजे बारा, झाल्या तर इंजेक्टरची. आपल्याकडे हीरो होंडाची ग्लॅमर एफआय २००६ साली आणि पुण्याच्या बजाजची पल्सर २२० डीटीएस-एफआय २००७ साली आली, तरी बहुसंख्य गाड्या कार्बोरेटरवरच चालत राहिल्या. आणि १ एप्रिल २०२० रोजी धुराचे व स्वनिदानाचे बीएस-६ नियम लागू झाल्यावर, प्लगचा रंग पाहून व कान लावून ‘मिसिंग’ पकडणाऱ्या नाक्यावरच्या मेकॅनिकलाही स्कॅनर विकत घेणे भाग पडले. एप्रिल २०२३पासून या स्वनिदानाच्या नियमांचा दुसरा, अधिक कडक टप्पा सुरू झाला.

याच कुळाची दुसरी शाखा ट्युनिंगची. धूर कमी राखण्यासाठी कारखाने पेट्रोल हात आखडून देतात, आणि मंद गतीत गाडी धक्के देते ही चालकाची तक्रार. तेव्हा संगणक व इंजेक्टर यांच्या मध्ये बसून इंजेक्टर उघडा राहण्याचा काळ मिलिसेकंदाच्या अंशांनी वाढविणारी पॉवर कमांडरसारखी उपकरणे निघाली, आणि त्यापुढे मूळ संगणकातलाच इंधनाचा नकाशा बदलण्याची विद्या रूढ झाली. कायद्याच्या पोटी जन्मलेली यंत्रणा अशी कायद्यालाच बगल देऊ लागली, तेव्हा अमेरिकी सरकारने हार्ले-डेव्हिडसनला जाब विचारला. आणि २००८पासून सुमारे ३,४०,००० ट्यूनर विकल्याच्या त्या प्रकरणात कंपनीने, दोष कबूल न करता, २०१६ साली १ कोटी २० लाख डॉलर दंड भरण्याचे व अशा उपकरणांची विक्री थांबविण्याचे मान्य केले.

स्कॅनरचे हे सरकारी कूळ ध्यानात घेतले, म्हणजे त्याची मर्यादाही उमगते. पी०११३ हा दोषांक उमटला, तर आत येणाऱ्या हवेचे तापमान मोजणाऱ्या सर्किटमधील व्होल्टेज मर्यादेबाहेर चढले आहे, एवढीच काय ती कैफियत असते. सेन्सर निकामी झाला असेल, उंदराने वायर कुरतडली असेल, किंवा धुलाईनंतर सॉकेट नीट बसले नसेल. यांतले नेमके काय, याचा निवाडा मल्टिमीटर हाती घेतलेल्या माणसानेच करावयाचा असतो. दोषांक पुसला म्हणजे दोष गेला असेही नव्हे. कारण मूळ कारण कायम असेल, तर तो पुन्हा उमटतो. म्हणून, गाडी दुरुस्तीस देणाऱ्या वाचकाने दोषांक पुसण्यापूर्वी तो कागदावर लिहून मागावा, आणि महागडा सेन्सर बदलण्यास संमती देण्यापूर्वी वायर व सॉकेट तपासले की नाही, एवढे अवश्य विचारावे.