धर्म, धोतर आणि कातडीचा कर्करोग

वाशिम, रिसोड किंवा मंगरूळपीरच्या बाजारात थोडा वेळ उभे राहिलो, तर धोतर नेसलेले आजोबा आणि लुगडे नेसलेल्या आजीबाई अजूनही दिसतात. शेजारीच पायजमा किंवा लुंगी घातलेले मुस्लिम दुकानदार असतात. वेशावरून माणसाचा धर्म ओळखण्याची सवय आपल्याला लहानपणीच लागते. रुग्णालयांतील नोंदवह्यांतही पूर्वी हिंदू, मुस्लिम, पारशी, ख्रिस्ती असे रकाने असत. त्या रकान्यांतून एक प्रश्न पुढे आला. रोग धर्माला चिकटलेला असतो, की सवयीला?

हा प्रश्न शास्त्रीय रीतीने हाताळणाऱ्यांत डॉ. वसंत रामजी खानोलकर (१८९५–१९७८) यांचे नाव अग्रभागी आहे. १९४१ साली मुंबईत टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झाले आणि तेथील प्रयोगशाळांची धुरा त्यांच्याकडे आली. १९४५ साली त्यांनी बी. सूर्याबाई यांच्यासह एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. चालीरीतींशी निगडित असे कर्करोगाचे तीन नवे प्रकार भारतात आढळतात, असे त्यात मांडले होते. ‘धोतराचा कर्करोग’ हा त्यांपैकी एक.

आपल्या सावळ्या त्वचेतील मेलॅनिन हे रंगद्रव्य सूर्याच्या अतिनील किरणांपासून बरेच संरक्षण देते. त्यामुळे गोऱ्या लोकांत सर्रास आढळणारा कातडीचा कर्करोग आपल्याकडे कमी. मग तो कमरेवरच, धोतराच्या गाठीखाली, का व्हावा? वर्षानुवर्षे घट्ट बांधलेले वस्त्र एकाच जागी घासते. त्यात घाम आणि धूळ साचते. कातडीचा रंग जातो, ती जाड होते, चिरते, भरते आणि पुन्हा चिरते. जखम भरण्यासाठी पेशींना सतत विभागावे लागते. अशा दीर्घ दाहात एखाद्या पेशीचे नियंत्रण सुटले, की कर्करोगाला सुरुवात होते. जुन्या व्रणावर उद्भवणाऱ्या अशा व्रणाला १८२८ साली त्याचे वर्णन करणाऱ्या फ्रेंच शल्यवैद्याच्या नावावरून मार्जोलिनचा व्रण म्हणतात.

मग हा हिंदूंचा रोग म्हणायचा काय? उत्तरासाठी काश्मीरकडे पाहू. तेथे थंडीत फेरनच्या आत निखाऱ्यांची कांगडी बाळगतात. पोट आणि मांड्या वारंवार भाजून तेथे कर्करोग होतो, हे डॉ. विल्यम एल्म्स्ली यांनी १८६६ सालीच नोंदवले होते. कांगडी पंडितही वापरतात आणि मुस्लिमही. रोगही दोघांत आढळतो. निखाऱ्याला धर्म कळत नाही.

एक उदाहरण मात्र याच्या उलट भासते. पुरुषाच्या जननेंद्रियाचा कर्करोग ज्यूंमध्ये जवळजवळ आढळत नाही, मुस्लिमांत विरळा असतो आणि सुंता न करणाऱ्या समाजांत त्याहून अधिक. येथे धर्माशी सांगड पक्की वाटते. परंतु धर्म येथे केवळ एका प्रथेची खूण आहे. सुंतेमुळे त्वचेखाली मळ साचत नाही आणि दीर्घ दाह टळतो. शिवाय अस्वच्छता, तंबाखू आणि पॅपिलोमा विषाणूचा संसर्ग हीही कारणे आहेत. डेन्मार्कमध्ये सुंतेची प्रथा नाही, तरीही १९४३ ते १९९० या काळात तेथे या रोगाचे प्रमाण घटले. घरोघरी न्हाणीघरे आली, हे त्याचे एक कारण असावे, असे संशोधकांनी सुचवले. म्हणजे पाणी आणि साबण यांनीही संरक्षण मिळते.

धोतर मागे पडले म्हणून हा विषय जुना झाला असे नाही. २०२४ साली वर्धा आणि मधुबनी येथील डॉक्टरांनी दोन वृद्ध स्त्रियांची हकिकत एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केली. एकीला परकराच्या घट्ट नाडीखाली, तर दुसरीला परकराविना कसून नेसलेल्या लुगड्याखाली कर्करोग झाला होता. दुसरीचा रोग जांघेतील लसिकाग्रंथींपर्यंत पोहोचला होता. वर्धा आपल्या विदर्भातलेच.

धोतर वा लुगडे नेसणाऱ्या बहुसंख्यांना हा रोग होत नाही, हेही मुलांना सांगितले पाहिजे. भीती घालण्याचे कारण नाही. नाडी रुंद असावी, गाठ सैल असावी, तिची जागा बदलत राहावी आणि कंबर धुऊन कोरडी ठेवावी. कमरेवरची जखम महिनाभरात भरली नाही, तर ती डॉक्टरांना दाखवावी. आजी संकोचाने ती लपवते. घरातल्या शाळकरी नातीने विचारले, तर कदाचित सांगेल.

वर्गात ‘अमुक लोकांना अमुक रोग होतो’ असे वाक्य आले, की आपण फळ्यावर दोन रकाने आखावेत. एकात समाज लिहावा, दुसऱ्यात सवय. नंतर पहिला रकाना पुसून पाहावा. रोगाचे कारण तरीही समजत असेल, तर तो रकाना दोष देण्यासाठी नव्हता, फक्त शोधाची वाट दाखवण्यासाठी होता, हे मुलांच्या ध्यानात येईल.