मेडिकल कोडिंगचा क्लास लावताय? आधी हा इतिहास ऐका

"बी.एस्सी. झालंय, मेडिकल कोडिंगचा क्लास लावायचाय, कुठला चांगला?" असं बरेच जण विचारतात. घरच्यांनी साठवलेले पैसे फीसाठी भरायचे असतात, त्यामुळे प्रश्न साधा नाही. क्लासवाल्याला काय विचारायचं, ते या विद्येच्या इतिहासातूनच कळतं.

1893 साली शिकागोला सांख्यिकीतज्ज्ञांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली. तिथं पॅरिसच्या जाक बर्टिलाँ यांनी मृत्यूच्या कारणांची एक यादी मांडली. देशोदेशी माणसं कशानं मरतात याची तुलना करता यावी, एवढाच हेतू. बिलाशी तिचा काही संबंध नव्हता. 1948 साली सहाव्या आवृत्तीच्या वेळी ती जागतिक आरोग्य संघटनेकडे आली आणि मृत्यूच्या कारणांसोबत आजारही तिच्यात आले. हीच आजची आयसीडी.

पैसा शिरला अमेरिकेत. 1965 साली तिथं वृद्धांसाठी मेडिकेअरचा कायदा झाला. 1966 साली तिथल्या डॉक्टरांच्या संघटनेनं उपचारांचे कोड छापले, ते सीपीटी. 1983 पासून मेडिकेअर रुग्णालयांना आजाराच्या गटानुसार आधीच ठरलेली रक्कम देऊ लागलं. आता कोड चुकला की पैसे अडले! म्हणून कोडरला मागणी आली, आणि पुढे हे काम चेन्नई, हैदराबाद, पुण्यापर्यंत पोचलं.

1 ऑक्टोबर 2015 रोजी अमेरिकेनं नववी आवृत्ती सोडून दहावी घेतली. आजारांचे कोड सुमारे 14 हजारांवरून 68 हजारांच्या घरात गेले. मुरलेल्या कोडरनाही पुन्हा अभ्यासाला बसावं लागलं.

म्हणून पहिला प्रश्न: पुस्तकं कोणत्या वर्षाची? आयसीडीचे बदल दर 1 ऑक्टोबरला लागू होतात, सीपीटीचे 1 जानेवारीला. जुन्या झेरॉक्सवर शिकवणाऱ्याला लांबूनच नमस्कार.

दुसरा: प्रमाणपत्र कोणाचं? क्लासचा कागद वेगळा आणि एएपीसी किंवा अहिमा या अमेरिकी संस्थांच्या परीक्षेचं प्रमाणपत्र वेगळं. परीक्षेची फी क्लासच्या फीत धरली आहे का, हे लेखी घ्या.

तिसरा: सराव कशावर? एएपीसीच्या सीपीसी परीक्षेत चार तासांत 100 प्रश्न असतात, कोडची पुस्तकं उघडी ठेवून. उत्तीर्ण व्हायला 70 टक्के लागतात. तिथं पाठांतर कामाला येत नाही, डॉक्टरांची टिपणं वाचून नेमका कोड शोधता यावा लागतो. ती टिपणं रोज वाचायला मिळतात का, ते एक दिवस वर्गात बसून पाहा.

आणि "शंभर टक्के नोकरी" म्हणणाऱ्याला एवढंच विचारा: अनुभव नसताना सीपीसी उत्तीर्ण झालं, तर नावापुढे शिकाऊ म्हणून 'ए' लागतो, तो कसा निघतो? नीट उत्तर आलं, तर फीचं बोला. नाहीतर पुढचा क्लास बघा.