आधी शीव, मग गाव

15 सप्टेंबर 2017 या दिवशी ‘कॅसिनी’ हे यान शास्त्रज्ञांनी हेतुपुरस्सर शनीच्या वातावरणात लोटून नष्ट केले. तेरा वर्षे त्याने शनीभोवती इमानाने काम केले होते. आता इंधन सरत आले होते, आणि ते तसेच सोडून दिले असते तर कधीतरी एखाद्या उपग्रहावर आदळले असते. त्या उपग्रहांपैकी एन्सेलॅडसच्या बर्फाखाली खाऱ्या पाण्याचा समुद्र आहे. तेथे जीव असलेच, तर यानाला चिकटून गेलेल्या पृथ्वीवरील जंतूंचा त्यांना उपद्रव होऊ नये, एवढ्यासाठी हा खटाटोप! ज्यांना कोणी पाहिलेले नाही, जे आहेत की नाहीत हेही ठाऊक नाही, त्यांची एवढी काळजी माणसाने क्वचितच घेतली असेल.

या वागणुकीमागे एक करार आहे. 1967 च्या बाह्य अवकाश कराराने ठरविले की, चंद्रावर वा कोणत्याही ग्रहावर कोणत्याही राष्ट्राला मालकी सांगता येणार नाही, आणि तेथे अपायकारक दूषण होऊ देता कामा नये. माणसाचे पाऊल चंद्रावर पडले ते त्यानंतर दोन वर्षांनी, 1969 साली. कामगार चळवळीत आयुष्य गेलेल्या आम्हांला या क्रमाचे मोल अधिक वाटते. मुंबईत पहिली सूतगिरणी 1856 साली चालू झाली आणि पहिला कारखाना कायदा आला 1881 साली. मधली पंचवीस वर्षे पोरांना किती तास राबवावे, याला बंधन नव्हते. चंद्रावर मात्र नियम आधी आला, माणूस मागून गेला.

परंतु माणूस केवळ पाहुणा म्हणून न जाता राहावयास गेला, तर काय? मंगळाचे क्षेत्रफळ पृथ्वीवरील सगळ्या कोरड्या जमिनीच्या जवळपास आहे. कार्ल सेगन यांनी 1980 साली असे मत मांडले की, मंगळावर सूक्ष्म जंतू जरी असले, तरी तो ग्रह त्यांचाच समजावा. उलट रॉबर्ट झुब्रिन यांनी 1996 साली ‘द केस फॉर मार्स’ लिहून तेथे वसाहत करण्याचा आग्रह धरला. दोन्ही पक्ष पोकळ नाहीत. माणूस स्थलांतर करीतच मोठा झाला, आणि त्याच स्थलांतरात त्याने पुष्कळ उजाडही केले.

मध्यममार्ग सुचविणारेही निघाले. चार्ल्स कॉकेल व गेर्डा हॉर्नेक यांनी 2004 साली मंगळावर सात राखीव उद्याने आखावीत, बाकी भागात माणसाने वावरावे, अशी योजना मांडली. पृथ्वीवर 1872 साली अमेरिकेत यलोस्टोन राखीव झाले तेव्हा तेथे पिढ्यान् पिढ्या वावरणाऱ्या आदिवासींना बाहेर जावे लागले. रान राखले, पण चुली विझल्या. मंगळावर विझवावी अशी कोणाची चूल नाही. तेव्हा राखण्याचे काम इतके स्वस्तात पुन्हा कधी होणार?

2019 साली मार्टिन एल्व्हिस व टोनी मिलिगन यांनी आणखी एक हिशेब मांडला: सूर्यमालेतील साधनसंपत्तीचा फक्त एक अष्टमांश वापरावा, सात भाग तसेच ठेवावेत. हा आकडा का? उपसा दरसाल साडेतीन टक्क्यांनी वाढला, तर दर वीस वर्षांनी दुप्पट होतो. आठव्या हिश्श्यापर्यंत पोहोचावयास चारएकशे वर्षे लागतील. पण पुढच्या वीस वर्षांत पाव, आणखी वीसांत अर्धा आणि आणखी वीसांत सगळा फडशा! जेथे अजून सात भाग शिल्लक दिसतात, तेथेच थांबावे लागते. चक्रवाढ व्याजाने सावकाराला शेत गमावलेल्या घराला हे गणित समजावून सांगण्याची गरज नाही.

आता मात्र कुंपणाला भोके पडू लागली आहेत. 2015 साली अमेरिकेने कायदा करून आपल्या नागरिकांना अवकाशात खणून काढलेल्या मालाची मालकी दिली. जमीन कोणाची नाही, पण खणले ते आमचे, असा हा न्याय! 1979 च्या चंद्रकराराने ही संपत्ती मानवजातीचा सामाईक वारसा ठरविली होती; भारताने 1982 साली सही केली, पण पुढे मान्यता दिली नाही. जून 2023 मध्ये भारताने ‘आर्टेमिस’ करारावर सही केली. त्यात खनिज काढणे म्हणजे आपोआप मालकी सांगणे नव्हे, असे म्हटले आहे. दोनच महिन्यांनी आपले चांद्रयान-3 दक्षिण ध्रुवाच्या प्रदेशात उतरले. ध्रुवाजवळच्या सदा अंधाऱ्या विवरांत बर्फ आहे. वस्तीला पाणी, प्राणवायू व इंधन पुरवील तो हाच बर्फ. आणि सूर्यमालेच्या प्राचीन इतिहासाचे दप्तरही हाच. वितळविले की दप्तर गेले.

श्रोतेहो, हा प्रश्न केवळ दगडधोंड्यांचा नाही. 1894 साली शिकागोजवळच्या पुलमन गावात कंपनीने मजुरी कापली, पण स्वतःच्याच घरांचे भाडे कमी केले नाही. त्यातून मोठा संप पेटला. परग्रहावर घरच काय, श्वासाची हवासुद्धा कंपनीच्या यंत्रातून येईल. ज्याच्या खणण्याला शीव नाही, त्याच्या हुकमतीलाही ती राहणार नाही. म्हणून किती राखावे आणि तेथे राबणाऱ्याचा हक्क काय, या दोन्ही गोष्टी पहिला तंबू ठोकण्यापूर्वीच लिहून ठेवल्या पाहिजेत. गाव बसल्यावर शीव आखायला गेलो, तर ती बळकट माणसाच्या शेताला वळसा घालून जाते, हे आपण पुरेसे पाहिले आहे.