‘निरांजनी’ चित्राचें कर्तृत्व

किकवी येथील एका स्नेह्यांच्या बैठकींत, हातीं दीप घेतलेल्या स्त्रीच्या प्रसिद्ध चित्राची छापील प्रत टांगलेली आहे. तिच्याखालीं ‘राजा रविवर्मा’ असें छापिलें आहे. मीं शंका काढिली ती गृहस्थांस रुचली नाहीं. परंतु सनदेवर भलत्याचें नांव पडलेलें आढळल्यास आपण तें तसेंच चालूं देत नाहीं. मग चित्रासच निराळा न्याय कां?

कालाचा प्रश्न चटकन सुटतो. रविवर्मा इ. स. १९०६ मध्यें वारले. म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यांतील हें चित्र १९४५-४६ च्या सुमाराचें आहे. त्याचे कर्ते सावंतवाडीचे सावळाराम लक्ष्मण हळदणकर (१८८२-१९६८). मुंबईस त्यांनीं १९०८ सालीं चित्रकलेची संस्था काढिली. १९१८ सालच्या आर्ट सोसायटी ऑफ इंडियाच्या संस्थापकांतही ते होते. चित्रासाठीं त्यांच्या कन्या गीताबाई उभ्या राहिल्या होत्या, व त्या २०१८ पर्यंत हयात होत्या. प्रत्यक्ष साक्षीदार विद्यमान असतां हा भ्रम चालला, हें नवल!

मला तारखेहून साधनाचा पुरावा अधिक बोलका वाटतो. रविवर्म्यांची कीर्ति मुख्यतः तैलरंगांवर उभी आहे. हें चित्र जलरंगांतील. तैलरंगांत चूक झाली तर वरून थर देऊन ती झांकतां येते. जलरंग पारदर्शक, त्यांतील उजेड म्हणजे कोरा कागदच, आणि तो एकदां मळला कीं परत मिळणें कठीण. म्हणून फिकटापासून गडदाकडे जावयाचें, व एक थर पुरता वाळल्यावांचून दुसरा द्यावयाचा नाहीं. पण गालावर कडा उमटूं नये अशी इच्छा असेल तेथें ओल्या कागदावरच रंग सोडून तो आपण होऊन पसरूं द्यावा लागतो. तेथें विचारास अवकाश नाहीं. हात सिद्ध असावा लागतो. विष्णुधर्मोत्तराच्या चित्रसूत्रांत पत्रज, ऐरिक व बिंदुज अशा तीन वर्तना सांगितल्या आहेत. तेव्हां छायेनें उठाव आणण्याची दृष्टि आपणांस परकी नव्हे.

प्रस्तुत चित्रांत ज्योतीआड धरलेल्या बोटांतून तांबूस प्रकाश झिरपतो, आणि मुख खालून उजळतें. भोंवतीं एवढा अंधार भरूनही बोटांवरचा उजेड ज्यानें राखिला, त्याचेंच नांव खालीं नसावें हा मोठा अन्याय होय.

स्नेह्यांनीं अखेर छापील नांवावर कागदाची पट्टी चिकटविली. तिच्यावर हळदणकरांचें नांव आहे, अक्षर माझें.