उत्सव आणि भाषा : अमेरिकेतील नॉर्वेजियन समाजाचा १९२५ चा शतसांवत्सरिक महोत्सव

४ जुलै १८२५ रोजी नॉर्वेतील स्टाव्हांगर बंदरातून ‘रेस्टोरेशन’ नावाचे एक लहानसे गलबत बावन्न माणसे घेऊन निघाले. वाटेत एक बालिका जन्मास आली आणि ९ ऑक्टोबर रोजी त्रेपन्न जण न्यूयॉर्कला उतरले. गलबताच्या आकारमानाने नियमाहून अधिक प्रवासी आणल्याबद्दल झालेला दंड राष्ट्राध्यक्ष जॉन क्विन्सी ॲडम्स यांनी माफ केला. पुढील शंभर वर्षांत आठ लक्षांहून अधिक नॉर्वेजियनांनी मायभूमी सोडली. त्यांतील बहुसंख्य मिनेसोटा, विस्कॉन्सिन, आयोवा, डाकोटा या प्रदेशांत शेतकरी म्हणून स्थायिक झाले. या समाजाने आपला वारसा कोणत्या रूपाने साजरा केला आणि त्यात त्याच्या भाषेचे काय झाले, हा प्रस्तुत लेखाचा विषय होय.

या समाजाचा मुख्य सण १७ मे हा होता. १८१४ साली याच दिवशी आयड्सव्होल येथे नॉर्वेची राज्यघटना संमत झाली. परंतु त्याच वर्षी नॉर्वे स्वीडनच्या राजाच्या सत्तेखाली गेला, आणि हा दिवस साजरा करणे हेच राजाच्या रोषाचे कारण ठरले. १८२९ मध्ये राजधानीतील चौकात जमलेल्या लोकांवर सैन्य घालण्यात आले. अर्थात अमेरिकेत गेलेल्या नॉर्वेजियनाने बरोबर नेलेला सण राजवैभवाचा नव्हता, घटनेचा होता. घटनेलाच राष्ट्राचा पाया मानणाऱ्या नव्या देशात तो सहज सामावला, यात नवल नाही.

तथापि या अभिमानाची दोन रूपे स्पष्टपणे वेगळी करावी लागतात. एक रूप ग्रामीण होते. विसाव्या शतकाच्या आरंभी ‘बिग्देलाग’ या नावाच्या संघटना निघाल्या. वाल्द्रेस खोऱ्यातून आलेल्यांचा संघ त्यांत अग्रणी होता. एकाच खोऱ्यातील माणसे वर्षातून एकदा जमत, आपल्या बोलीत बोलत, आपल्या मुलखाचे वाद्य ऐकत. दुसरे रूप प्रतिष्ठेचे होते. रास्मुस अँडरसन यांनी १८७४ मध्ये अमेरिकेचा शोध कोलंबसाने लावला नाही, असे प्रतिपादन करणारे पुस्तक लिहिले. १८९३ मध्ये कोलंबसाच्याच स्मरणार्थ शिकागोत भरलेल्या प्रदर्शनास मॅग्नुस अँडरसन हे व्हायकिंग जहाजाची प्रतिकृती अटलांटिकपार घेऊन आले. पहिल्या रूपात स्वतःच्या माणसांत राहण्याची ओढ होती, दुसऱ्यात इतरांकडून मान्यता मिळविण्याची.

पहिल्या महायुद्धाने या प्रश्नास कठोर वळण दिले. २३ मे १९१८ रोजी आयोवाचे गव्हर्नर हार्डिंग यांनी शाळा, सार्वजनिक स्थळे, दूरध्वनी आणि धर्मोपासना यांत इंग्रजीखेरीज अन्य भाषा वापरण्यास मनाई करणारी घोषणा काढली. शत्रुराष्ट्राशी संबंध नसलेला नॉर्वेजियन वृद्धही आपल्या चर्चमध्ये आपल्या भाषेत प्रार्थना करताना संशयास पात्र ठरू लागला. १९२४ च्या कायद्याने स्थलांतरावर कडक मर्यादा आल्या. नव्या माणसांचा ओघ असा आटल्यावर भाषेचा भार येथेच जन्मलेल्या पिढीवर पडला.

या पार्श्वभूमीवर ६ ते ९ जून १९२५ या दिवसांत मिनेसोटा राज्याच्या जत्रेच्या मैदानावर शतसांवत्सरिक महोत्सव झाला. राष्ट्राध्यक्ष कूलिज यांनी ८ जूनला भाषण केले. टपाल खात्याने दोन तिकिटे काढली. अष्टकोनी स्मृतिपदक पाडण्यात आले. ऐतिहासिक दृश्यमालिकेच्या केंद्रस्थानी कर्नल हान्स क्रिस्टियन हेग यांचे चरित्र होते. यादवी युद्धात स्कँडिनेव्हियन सैनिकांच्या रेजिमेंटचे नेतृत्व करून १८६३ मध्ये चिकामॉगा येथे ते कामी आले होते. ही निवड बोलकी आहे. नायक नॉर्वेत जन्मलेला होता, परंतु त्याचा गौरव झाला तो अमेरिकेसाठी रक्त सांडल्याबद्दल. सात वर्षांपूर्वी ज्यांच्या भाषेवर संशय घेण्यात आला होता, त्यांनी आपल्या निष्ठेचा पुरावाच या महोत्सवात मांडला.

या पुराव्याने समाधान न झालेलेही लोक होते. सेंट ओलाफ महाविद्यालयातील प्राध्यापक व कादंबरीकार ओ. ई. रोल्व्हॉग यांचे मत असे होते की, भाषा सोडलेल्या समाजाचा वारसा पोकळ होतो आणि असा समाज नव्या राष्ट्रासही काही देऊ शकत नाही. डाकोटाच्या माळरानावरील वसाहतकारांची त्यांची कथा १९२४-२५ मध्ये नॉर्वेजियन भाषेत प्रसिद्ध झाली. मात्र अमेरिकेत तिला व्यापक कीर्ती लाभली ती १९२७ च्या इंग्रजी अनुवादामुळे. भाषेचा कैवार घेणाऱ्या लेखकाचे यश भाषांतरावर अवलंबून राहावे, यात त्या समाजाची सारी कोंडी दिसून येते.

पुढील इतिहासाने रोल्व्हॉग यांची भीती बव्हंशी खरी ठरविली. नॉर्वेजियन ल्यूथरन चर्चने १९४६ मध्ये आपल्या नावातून ‘नॉर्वेजियन’ हा शब्द वगळला. ‘डेकोरा-पोस्टेन’ हे वृत्तपत्र १९७२ मध्ये बंद पडले. सण मात्र टिकले. १९६४ मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या घोषणेने ‘लीफ एरिक्सन दिन’ देशभर मान्य झाला, आणि त्यासाठी नेमलेली ९ ऑक्टोबर ही तारीख ‘रेस्टोरेशन’च्या आगमनाचीच होय.

तरीही या उत्सवांस निव्वळ देखावा म्हणणे न्याय्य होणार नाही. महोत्सवाच्याच वर्षी नॉर्थफील्ड येथे नॉर्वेजियन-अमेरिकन इतिहास मंडळ स्थापन झाले आणि वसाहतकारांची पत्रे, दप्तरे व आठवणी जतन करण्याचे काम पद्धतशीरपणे सुरू झाले. रोल्व्हॉग हे त्याच्या संस्थापकांपैकी होते. समाजाची भाषा मावळत असतानाच तिच्यात लिहिलेला कागद सांभाळण्याची जाणीव जागी झाली. मिरवणुकीत मान्यता मिळाली आणि दप्तरखान्यात स्मृती उरली. मात्र त्या दप्तरातील पत्रे वाचण्यासाठी नातवंडांना आजोबांची भाषा परकी म्हणून नव्याने शिकावी लागली, ही त्या मान्यतेची किंमत होती.