कथेचे माप

नव्या ॲनिमेशन मालिकेची घोषणा झाली, की भाग किती आणि एकेक भाग केवढा, ह्यावरच हल्ली तरुण मंडळींत वाद माजतो. हा वाद पोरकट आहे, असे आम्हांस वाटत नाही. कथेचे माप कोणी ठरवावे, हा प्रश्न फार जुना आहे.

धारप्रमाणेच पवारांचे राज्य असलेल्या देवासच्या थोरल्या पातीत १९२१ साली झालेल्या गोकुळाष्टमीच्या उत्सवाचे वर्णन महाराज तुकोजीरावांचे खाजगी चिटणीस, इंग्रज कादंबरीकार फॉर्स्टर ह्यांनी लिहून ठेवले आहे. उत्सव दिवसेंदिवस चालला. परंतु मध्यरात्री कृष्णजन्म आणि मागाहून गोकुळाचे तलावात विसर्जन, हा क्रम सर्वांस ठाऊक होता. तेथे माप तिथीने घातले होते.

पुणे आकाशवाणीचे गीतरामायण हीही मालिकाच. शब्द माडगूळकरांचे, संगीत सुधीर फडक्यांचे. १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीस आरंभ. आठवड्यास एक, अशा ५२ गीतांचा संकल्प. त्या वर्षी अधिक भाद्रपद आला आणि पुढील रामनवमी गाठण्यासाठी गीते ५६ झाली. घरोघरी रेडिओस हार घालून लोक ती ऐकत राहिले.

भाग आठ असोत वा छप्पन्न, माप कथेच्या पोटातून निघाले असेल तर रसिक ते मान्य करतो. ते केवळ हिशेबाच्या वहीतून निघाले असेल, तर त्याची तक्रार ऐकून घेणे न्यायाचे होईल.